खिडकीत सांगायचा आकडा

जनावरांचे दात मोजत फिरणारा दलाल गोठ्यात शिरला तेव्हा मी शेण भरत होतो. त्याने मला हाक मारली नाही. सरळ म्हशीपाशी गेला, तिचं तोंड वर उचललं, अंगठ्याने ओठ मागे सारला आणि दात बघितले. मग खाली वाकून एकेक सड दाबून पाहिला. म्हैस बिथरली आणि खुंट्याभोवती गरकन फिरली. तो हसत मागे सरकला.

"दावं धरायला कुणी नाही का घरात?"

"म्हैस विकायला काढलेली नाही," मी म्हणालो.

"लोहारीण तर वेगळंच सांगत होती."

"मग लोहारणीची म्हैस बघ जाऊन."

"तिची कशाला बघू? तिने कुणाचे पैसे खाल्लेत?"

माझ्या हातात फावडं होतं. मी ते खाली ठेवलं नाही. तेवढ्यात सून मागच्या दारातून आली. "मामंजी, ते भिंतीला टेकवा," ती म्हणाली. मग दलालाकडे वळली. "पाय पुसून आलात का? शेजारच्या गावात जनावरांना लाळ सुटलीय."

दलाल म्हणाला, "जीभ चांगली चालते तुझी. फोनवर पण अशीच चालवलीस वाटतं."

तो गेला, पण जाताना किंमत सांगून गेला. त्या किमतीत चांगली शेळी आली नसती. गाडीच्या दिवशी सकाळी येऊन घेऊन जातो म्हणाला.

ही गाडी म्हणजे चाऱ्याची. आमच्याकडे उन्हाळ्याच्या शेवटी शेतात काडी उरत नाही. म्हणून गल्लीतली दूधवाली घरं मिळून एक ट्रक चारा लांबून मागवतात. प्रत्येक घर वर्षभर थोडे थोडे पैसे बाजूला टाकतं. ते पैसे माझ्या बायकोच्या खात्यात ठेवायचे, हे कुणी ठरवलं नव्हतं, आपोआप झालं होतं. तिच्याकडे दिलं की विसरून जायचं, अशी ती होती. लोहारीण गटाची पुढारीण. सगळ्यांवर ओरडायची, पण माझ्या बायकोपुढे तिचाही आवाज बसायचा.

बायको थंडीत गेली. दम लागायचा तिला. शेवटी शेवटी गोठ्यापासून चुलीपर्यंत येताना मध्ये दगडावर बसायची. आम्ही डॉक्टरकडे नेलं, त्याने औषधं दिली, ती तिने घेतली आणि तरी ती गेली. त्याबद्दल मला आणखी काही लिहिता येत नाही.

ती गेल्यावर म्हशीने दूध चोरलं. मी बसलो तर लाथ मारायची, सून बसली तर अंग आखडून घ्यायची. मग सुनेने एक दिवस मला न विचारता सासूचा जुना स्वेटर अंगात घातला आणि धारेला बसली. म्हशीने मान वळवून हुंगलं आणि पान्हा सोडला. तेव्हापासून भर उन्हाळ्यातही सून तो तपकिरी स्वेटर घालून धार काढते. घामाने निथळते. मला पाठीमागून ते दिसलं की तिचा राग यायचा. तिचा काही दोष नव्हता, तरी यायचा. मी तिच्याशी कामापुरतं बोलायचो, आणि तेही भिंतीकडे बघून.

बायकोचा फोनही सुनेकडेच गेला. दुधासाठी तो लागायचा. केंद्रावर दूध घातलं की यंत्र माप आणि फॅट लावतं आणि तुमच्या फोनवर एक आकडा येतो. तो आकडा खिडकीत मोठ्याने सांगायचा. आत मापाडी बसलेला असतो, तो तेवढा आकडा यंत्रात भरतो, मगच दूध तुमच्या नावावर पडतं. आधी असं नव्हतं. मापाडी एकाचं दूध दुसऱ्याच्या नावावर टाकतो अशी बोंब झाली, लोक काठ्या घेऊन गेले, म्हणून वरून हा आकडा आला. आकडा ओरडून सांगितला की चोरी होत नाही, हे आमच्या गावात पोराटोरांनाही पाठ आहे. म्हाताऱ्या आकडा सांगताना मान ताठ करतात.

तो फोन आला तेव्हा सून धारेला बसली होती. बादली गुडघ्यात, दोन्ही हातांना फेस. म्हैस पान्हावलेली होती. अशा वेळी उठलं की ती दूध वर ओढून घेते, मग संध्याकाळपर्यंत एक थेंब देत नाही. सुनेने कोपराने बटण दाबलं आणि फोन गव्हाणीच्या कठड्यावर स्पीकर लावून बोलता ठेवला.

"ताई आहेत का?" माणसाचा आवाज. मऊ.

"त्या वारल्या," सून म्हणाली.

"अरेरे. कधी हो? फार वाईट झालं. मी केंद्राच्या मुख्य कार्यालयातून बोलतोय. घरात दुःख असताना त्रास देतोय, पण ताईंच्या नावावरचं दूध आता बंद होईल. नाव बदलून घ्यावं लागेल. घरात आणखी कोण आहे?"

"मामंजी आहेत."

"त्यांनाही सांगा, धीर धरा म्हणावं."

मी दोन हात अंतरावर उभा होतो. ऐकत होतो. बायको गेल्यानंतर गावात कुणी मला धीर धरा म्हटलं नव्हतं. दहावा दिवस उलटायच्या आत लोहारीण पाणंदीतल्या काट्यांवरून माझ्याशी भांडली होती. आणि हा कोण कुठला माणूस, तो म्हणत होता.

त्याने सभासद क्रमांक सांगितला, तो बरोबर होता. मग बँकेच्या कार्डावरचे आकडे विचारले. कार्ड फोनच्याच कव्हरात मागे खोचलेलं असायचं.

"मामंजी, तेवढं वाचा हो," सून म्हणाली. "माझे हात ओले आहेत."

मी वाचलं. मग फोनवर आकडा आला. तोही वाचला, खिडकीत वाचतो तसा, मोठ्याने, एकेक करून. त्यानंतर आणखी एक आला. तो माणूस म्हणाला, "शाब्बास बाबा, डोळे चांगले आहेत तुमचे." मला बरं वाटलं.

फोन बंद झाल्यावर दोन-तीनदा टुंग टुंग वाजला. बँकेचे निरोप येतात ते इंग्रजीत असतात. आम्ही कधी उघडत नाही. पुढे ट्रकवाल्याला आगाऊ रक्कम द्यायची म्हणून सून आणि लोहारीण बँकेत गेल्या, तेव्हा कळलं की खात्यात काही नाही. सगळ्या गल्लीचा चारा गेला होता.

त्याच दिवशी मीही बँकेत गेलो. काचेमागच्या बाईने विचारलं, "खातेदार कुठे आहे?"

"वारली."

"मग खातं चालू कसं? कळवलं का नाही? वारलेल्या माणसाचं खातं तुम्ही वापरत होतात?"

मागे रांगेतले लोक ऐकत होते. मी म्हणालो, "पैसे चोरीला गेलेत त्याचं बोला."

"तक्रार त्याच तासाला करायची असते, बाबा. लगेच कळवलं असतं तर ज्या खात्यात रक्कम गेली तिथे ती अडवता आली असती. आता एवढे दिवस झाले. आणि तक्रार खातेदाराने करायची."

"तिला कुठून आणू?"

बाईने दुसरी खिडकी दाखवली. तिथे दाखला मागितला, मग पोलिसांकडे जा म्हणाले. पोलिसाने लिहून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही स्वतः वाचून दाखवलं? स्वतःच्या तोंडाने?" मी हो म्हणालो. तो बाजूच्याला म्हणाला, "हे बघ, आणखी एक आले."

गल्लीत मी पहिल्याच दिवशी सांगितलं की आकडे मी वाचले. कुणी मानलं नाही. माझा स्वभाव सगळ्यांना माहीत आहे. मी दुकानातून मीठ आणलं तरी घरी परत तोलतो. असा माणूस फोनवर आकडे देईल का? लोहारीण सगळ्यांसमोर म्हणाली, "सुनेला पाठीशी घालतोय म्हातारा. पैसे तिच्या माहेरी पोचलेत. नाहीतर नवऱ्याकडे."

मुलगा लांबच्या बंदरावर क्रेन चालवतो. त्याला फोन केला तर तो मलाच म्हणाला, "बाबा, तुम्ही पण ना!" सुनेने फोन काढून घेतला आणि अंगणात जाऊन बोलली. आत आली तेव्हा डोळे लाल होते.

गटाने निकाल दिला. गाडी येईल त्या दिवशी पैसे, नाहीतर म्हैस. ही म्हैस बायकोने वासरू असताना बाटलीने दूध पाजून वाढवलेली. तिची आई विताना मेली होती. लोहारणीला हे माहीत होतं. तिनेच तेव्हा बाटली आणून दिली होती.

पुढच्या आठवड्यात बँकेची गाडी भोंगा घेऊन आली. शाळेसमोर सगळ्यांना बसवलं. एक तरुण साहेब उतरला, घामाघूम. घसा बसलेला, बिचारा गावोगाव हेच बोलत फिरत असावा. म्हणाला, फोनवर आलेला आकडा कुणालाही सांगू नका. बँक विचारत नाही, पोलीस विचारत नाहीत, सरकार विचारत नाही. कार्डावरचे आकडे देऊ नका. पैसे गेले तर लाजू नका, त्याच क्षणी कळवा.

"तुमच्या गावात कुणाची फसवणूक झालीय का?" त्याने विचारलं.

सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. "ही बघा, बसलीत की!" मागून कुणीतरी ओरडलं. "उभे राहा, म्हातारबा, साहेबांना दर्शन द्या!"

हसले लोक. मी उभा राहिलो नाही. सून उभी राहिली.

"साहेब, आकडा कुणालाच सांगायचा नाही?"

"कुणालाच नाही."

"मापाड्याला?"

"कोण मापाडी?"

मापाडी पुढेच बसला होता. तो म्हणाला, "तिचं मनावर घेऊ नका साहेब. तो आकडा वेगळा, हा वेगळा."

"एकाच फोनवर येतात," सून म्हणाली. "एकसारखेच दिसतात. रोज सकाळ-संध्याकाळ आम्ही एक ओरडून सांगायचा आणि दुसरा सांगायचा नाही. ओळखायचा कसा?"

साहेबाने घाम पुसला. त्याने सगळा प्रकार विचारून घेतला आणि मापाड्याला म्हणाला, "हे बरोबर नाही. लोकांना वाईट सवय लागते. बंद करा हे ओरडणं."

"मग दूध यंत्रात कसं चढवू? तुम्ही यंत्र बदलून देता?"

साहेबाकडे यंत्र नव्हतं. तो म्हणाला, निरोपात वर कुणाचं नाव आहे ते वाचत चला. ते नाव इंग्रजीत असतं हे त्याला कुणी सांगितलं नाही. लोहारीण उठून म्हणाली, "साहेब, आम्ही नाही सांगत कुणाला आकडा. ज्यांना खायचे असतात ते सांगतात." टाळ्या पडल्या.

परतताना केंद्राच्या भिंतीपाशी सून थांबली. तिथे पत्र्याचा मोठा फलक आहे. दूध नासलं तर फोन करता यावा म्हणून मापाड्याने त्यावर प्रत्येकाचं नाव, सभासद क्रमांक आणि फोन नंबर रंगाने लिहून ठेवलाय. रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही दिसतो. सून त्याच्याकडे बघत राहिली. लोहारीण मागून येत होती.

"काकू, त्याने आमचा क्रमांक इथूनच घेतला," सून म्हणाली. "आमच्या खाली तुमचं नाव आहे."

"शाप देतेस काय गं मला?"

"सांगतेय."

"तू मला शिकवू नको. आधी म्हशीच्या अंगाला हळद लाव, पाठवणी आहे तिची." आणि ती बायकांना टाळी देत पुढे गेली.

गाडीचा दिवस जवळ आला. सकाळी केंद्रावर रांग होती. सुनेला ताप होता म्हणून किटली घेऊन मी गेलो होतो, शेवटी उभा होतो. लोहारीण पुढे, खिडकीपासून चार बायका सोडून. आयुष्यभर ऐरणीजवळ बसून तिचे कान गेलेत. त्यामुळे तिचा फोन कायम बोलता असतो आणि ती तो भाकरी धरावी तसा तोंडासमोर आडवा धरते.

तिचा फोन वाजला.

"नमस्कार काकू. केंद्राच्या मुख्य कार्यालयातून बोलतोय. तुमच्याकडचा मापाडी फॅट कमी लावतो अशी तक्रार आलीय. खरं आहे का?"

"खरं म्हणजे? लुबाडतो मेला!" लोहारीण खिडकीकडे बघून ओरडली. रांगेला मजा वाटली. मापाडी आतून बाहेर डोकावला.

"तुमचा फरक निघालाय काकू. खात्यावर टाकायचा आहे. कार्ड जवळ आहे का?"

तो मऊ आवाज. मी किटली खाली ठेवली आणि पुढे निघालो.

"ओ म्हातारबा, रांगेत या!"

"तो तोच आहे," मी म्हणालो. "अरे, तोच माणूस आहे!"

"तोच असो नाहीतर दुसरा, रांग मोडायची नाही." एकाने माझा दंड धरला. एका बाईने किटली आडवी धरली. "म्हशीबरोबर अक्कलही विकायला काढली काय?"

लोहारणीने झंपरात खोचलेल्या पाकिटातून कार्ड काढलं आणि आकडे ओरडून सांगितले. सबंध रांगेला पाठ व्हावेत असे.

"लोहारणी, बंद कर!" मी बोंबललो. "बंद कर तो फोन!"

तिने माझ्याकडे बघितलं. "साहेबाने सांगितलं ते बँकेचं होतं," ती म्हणाली. "हे आपल्या केंद्राचं आहे. तू गप बस." आणि फोनला म्हणाली, "आला हो, आकडा आला. घ्या लिहून."

ती एकेक सांगू लागली. मान ताठ. मी दंड सोडवला. सदरा काखेत फाटला. तिच्यापाशी पोचेपर्यंत तिचे बरेच आकडे सांगून झाले होते. मी फोनवर हात घातला, तिने तो घट्ट धरला, आमची ओढाताण झाली आणि फोन सुटून तिच्याच उघड्या किटलीत पडला. बुडाला. दुधातून एक बुडबुडा वर आला.

लोहारणीने माझ्या तोंडात मारली. घण उचललेला हात आहे तिचा. माझी टोपी खिडकीखालच्या चिखलात पडली.

"माझं दूध! माझा फोन! आधी चोरी, आता हे?"

कुणी हसलं नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हसत नाहीयेत. फोन बोलता होता, सगळ्यांनी तो आवाज ऐकला होता, आणि साहेबाने देऊ नका म्हटलेलंच तो मागत होता. माझा दंड ज्याने धरला होता तो जमिनीकडे बघत होता. मी टोपी उचलली.

"किती राहिले होते?" मी विचारलं.

लोहारीण किटलीत बघत होती.

"सांग ना. किती आकडे सांगायचे राहिले होते?"

"एक," मागची बाई म्हणाली.

लोहारणीने बाही वर केली, किटलीत कोपरापर्यंत हात घातला आणि फोन बाहेर काढला. त्यातून दूध गळत होतं. ती तो पदराने पुसत राहिली. मग तशीच, दूध न घालता, बँकेच्या रस्त्याला लागली. जवळजवळ पळतच. कार्ड बंद करायला.

माझी पाळी आली तेव्हा मापाडी म्हणाला, "आकडा?" मी फोन खिडकीतून आत धरला आणि म्हणालो, "बघून घे. मी बोलणार नाही." त्याने शिवी दिली, पण मान लांब करून बघितलं. तेव्हापासून तसंच चाललंय. फलकावरच्या नंबरांवर त्याने डांबर फासलं. फोन एकेक करून आत धरायचा म्हणजे रांग लांबते, उन्हात उभं राहावं लागतं, आणि लोक आम्हालाच नावं ठेवतात.

संध्याकाळी लोहारीण आली. तिच्यामागे गटातल्या बायका होत्या. ती अंगणात शिरली नाही, फाटकाबाहेर उभी राहिली.

"म्हैस ठेवा," ती म्हणाली. "दलालाला नाही म्हणून कळवलंय. सगळी घरं पुन्हा थोडं थोडं घालतील. अर्धी गाडी येईल. तुमचा वाटा त्यात आहे. फोनचं मात्र भरून द्यावं लागेल, तो पार गेलाय."

चुकलं, असं काही ती म्हणाली नाही. मी वाट बघितली. तिने नाक ओढलं आणि दुसरीकडे बघितलं.

"तुमच्या मेहेरबानीचा चारा माझ्या गोठ्यात नको," मी म्हणालो. "सगळ्या गावासमोर माझ्या सुनेला चोर म्हणालीस. माझ्या म्हशीचे सड दाबायला माणूस पाठवलास. म्हैस मी स्वतः विकतो, तुमचे पैसे तोंडावर फेकतो, आणि मग या दारात..."

"चारा येऊ दे, काकू," सून म्हणाली.

ती आतून अंथरुणातून उठून आली होती, उंबऱ्यात भिंत धरून उभी होती.

"तू मध्ये बोलू नको," मी म्हणालो.

"गोठा मी झाडते, मामंजी. धार मी काढते. त्यांनी शिव्या दिल्या त्या मलाच दिल्या. रागवायचं की नाही ते माझं मी बघेन. म्हैस उपाशी राहणार नाही." मग फाटकाकडे बघून म्हणाली, "फोनचं अर्धं आम्ही देऊ. अर्धं तुमचं तुम्ही. कार्डावरचे आकडे तुम्हीच दिलेत."

लोहारणीने पदर खोचला. "बरं," ती म्हणाली.

मी आत गेलो. त्या रात्री जेवलो नाही. सुनेने ताट वाढलं, झाकून ठेवलं, आग्रह केला नाही. तापातच धारेला बसली. मी दारातून बघत होतो. ती मध्येच थांबली, कपाळ म्हशीच्या कुशीला टेकवून दम घेतला आणि पुन्हा हात चालवू लागली. मी जाऊन बादली धरली. ती थोडी सरकली.

गाडी आली ती खरोखरच अर्धी होती. वरून लोहार एकेक पेंढी खाली देत होता, मी पाठीवर घेत होतो. त्याला वर ऊन लागत होतं, माझ्या मानेत काड्या टोचत होत्या. तो खाली बघत नव्हता, मी वर बघत नव्हतो. आमच्या वाट्याच्या पेंढ्या संपल्या तरी तो देत राहिला. मी थांबलो.

"झाल्या आमच्या," मी म्हणालो.

"धर," तो म्हणाला.

"सांगतोय ना, झाल्या."

त्याने हातातली पेंढी माझ्या पायाशी टाकली. मी ती उचलली, पुढच्या घराच्या ढिगावर नेऊन ठेवली आणि परत येऊन उभा राहिलो. अजून बरीच गाडी उतरायची होती.